आधी माफी, मग ढोल

लहान मुलाच्या हातात काठी आली की ते ती कशावर तरी आपटणार, हे सांगायला मानसशास्त्र शिकावं लागत नाही. भिंत, बादली, धाकटा भाऊ, जे जवळ असेल त्यावर. अशा चौदा मुलांच्या हातात प्रत्येकी दोन काठ्या द्यायच्या, समोर हे मोठाले ढोल मांडून ठेवायचे आणि मग म्हणायचं, ‘आता कुणीही वाजवायचं नाही. आधी रांगेत उभं राहून नमस्कार.’ जपानी माणसं हे वर्षानुवर्षं म्हणत आली आहेत आणि नवल म्हणजे मुलं ऐकतात. मी म्हणते तेव्हा ऐकत नाहीत, हा भाग वेगळा.

आम्ही तोक्योत निशी-कासाइला राहतो. एदोगावा वॉर्डातला हा भाग. २००० साल उजाडताना जगातले सगळे संगणक गोंधळणार म्हणून जी भारतीय आयटी मंडळी इथे आली, त्यांना ओतेमाचीच्या कचेऱ्यांत जायला तोझाइ लाइन सोयीची पडली. संगणक काही गोंधळले नाहीत, पण मंडळी राहिली. मग डाळ-तांदळाची दुकानं आली, भारतीय शाळा आली, दिवाळीचा मेळा सुरू झाला. २०१९ मध्ये तर आपल्यातलेच योगेंद्र पुराणिक इथून वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारच्या आजींनी वाकून माझं अभिनंदन केलं. माझा त्या निकालात काडीचाही वाटा नव्हता, पण लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत मी ते निमूटपणे स्वीकारलं.

इथे प्रत्येक वस्तीला एक चोनाइकाइ असते, म्हणजे आपलं गल्लीचं मंडळ; आणि तिच्या पोटात एक कोदोमोकाइ, म्हणजे बालमंडळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी साडेसहाला रेडिओच्या तालावर कवायत, वर्षातून एकदा सहल, जुनी वर्तमानपत्रं गोळा करणं आणि रविवारी सकाळी मुलांचं ताइको, म्हणजे ढोलवादन, एवढा आमच्या बालमंडळाचा पसारा. जपानात मुलं कमी झाली आहेत आणि मंडळाचं काम अंगावर घेणारे आईबाप त्याहून कमी, त्यामुळे अशी बालमंडळं ठिकठिकाणी गुंडाळली जाताहेत. आमचं तगून आहे याचं एक कारण आम्ही. भारतीय आईबापांना ‘रविवारी सकाळी दीड तास मूल घराबाहेर’ एवढंच कळलं, बाकीचं जपानी वाचायची त्यांना गरज वाटली नाही.

पदाधिकारी निवडण्याची सभा एप्रिलच्या आधी होते. जपानी सभेत पद रिकामं असलं की एक विशिष्ट शांतता पसरते. सगळ्या आया आपापल्या मोज्यांकडे बघतात. ती शांतता जो मोडतो त्याला पद मिळतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी फक्त ‘खिडकी उघडू का?’ एवढंच विचारलं. टाळ्या झाल्या.

त्याच संध्याकाळी निळ्या रंगाची एक जाडजूड फाइल माझ्या घरी आली. आधीच्या पदाधिकाऱ्याने पुढच्याला द्यायची ही फाइल म्हणजे या देशाचा खरा ग्रंथ. त्यात ढोलावर घालायचं ब्लँकेट कुठल्या कपाटात, कुठल्या कप्प्यात, कुठली घडी वर ठेवून, हे चित्रासह आहे. कुणाच्या नाकातून उन्हात रक्त येतं, कुणाला जवाचा चहा आवडत नाही, कोणत्या आजोबांना आमंत्रण द्यायला विसरलं तर काय होतं (काय होतं ते लिहिलेलं नाही, फक्त वर्ष लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत). एका पानावर लाल अक्षरांत: ‘चिकटपट्टी शंभर येनवाल्या दुकानातली घेऊ नये.’

ही चिकटपट्टी कशाला, तेही सांगते. झाडाचा अख्खा ओंडका आतून कोरून, दोन्ही तोंडांना कातडं ताणून, काठाने मोठ्या डोक्याचे खिळे ठोकून बनवलेला नागादो हा ताइकोतला मुख्य ढोल. तो चांगल्या लाकडाचा घ्यायचा तर लाखो येन मोजावे लागतात. आमच्याकडे असे तीन आहेत. शिवाय दोन शिमे, म्हणजे लहान, कर्र आवाजाचे, खूप आवळलेले. चौदा मुलांना पाच ढोल. म्हणून उरलेली मुलं टायरवर वाजवतात. गाडीचा जुना टायर घ्यायचा, त्याच्या तोंडावर पॅकिंगची चिकटपट्टी आडवी-उभी-तिरकी ताणून ताणून चिकटवायची, की झाला ढोल. ही आमचीच गरिबी नव्हे. अमेरिकेतली पथकंसुद्धा असेच टायर बडवतात. टायरचा आवाज ‘थड्’ असा येतो. पाळीपाळीने प्रत्येकाला खरा ढोल मिळतो, आणि कुणाची पाळी कधी याचं कोष्टक चौथीतली एक चष्मेवाली मुलगी ठेवते. तिला हे काम कुणी दिलेलं नाही. तिच्या हातून ते काढून घेण्याची हिंमत सेन्सेइंना, म्हणजे आमच्या गुरुजींनाही झालेली नाही.

सेन्सेइ निवृत्त बसचालक आहेत. इथले बसचालक हलक्या आवाजात सगळं जाहीर करत गाडी चालवतात: डावीकडे वळतो, थांबतो, दार उघडतो. सेन्सेइंची ती सवय गेलेली नाही. ‘सुरू करतो,’ असं म्हणून ते सुरू करतात. ‘जरा वेग वाढेल, सावध राहा,’ असं म्हणून लय वाढवतात. आणि शेवटी दोन्ही काठ्या आडव्या धरून म्हणतात, ‘पूर्ण थांबेपर्यंत जागा सोडू नका.’

शिकवणं सगळं तोंडी. ढोलाच्या मध्यावर जोरात ते ‘दों’, भराभर दोन ते ‘दोको’, हलके ते ‘त्सुकु’, लाकडी काठावर ते ‘का’ आणि जिथे वाजवायचं नाही तिथे ‘सु’. मुलं आधी मांडीवर हात आपटत म्हणतात, ‘दों, दों, दोको दों, का, का.’ तबल्याच्या क्लासला जाऊन आलेल्या मराठी आईला यात शिकण्यासारखं काही नाही. जे तोंडाला येतं ते हाताला येतं, हे आपल्या गुरुजींनी पट्टी मारून सांगितलेलंच असतं. मुलांनाही ते आधीच येतं, कारण निराळं. नामकोने २००१ मध्ये काढलेला ताइकोचा व्हिडिओ गेम इथल्या प्रत्येक गेम सेंटरात आहे. त्यात लाल ठिपका आला की मध्यावर, निळा आला की काठावर. आमचे चिरंजीव पहिल्याच दिवशी सेन्सेइंना म्हणाले, ‘मी ‘ओनी’ लेव्हलला आहे.’ ओनी म्हणजे राक्षस, सगळ्यांत अवघड पातळी. सेन्सेइ गंभीरपणे म्हणाले, ‘वा. आता गुडघा वाकवा.’

खेळ तिथे संपला. डावा गुडघा पुढे वाकवलेला, उजवा पाय मागे लांब ताठ, कंबर खाली, खांदे सैल, हात कानापर्यंत वर: ही ताइकोची बैठक. मोठी माणसंही त्यात पाच मिनिटांत देवाचं नाव घेऊ लागतात. मुलं पहिल्या ओळीला वीरासारखी उभी असतात. दुसऱ्या ओळीला गुडघा सरळ होतो. तिसऱ्या ओळीला एक हात नाकात जातो आणि ताल दुसरा हात एकटा सांभाळतो. सेन्सेइ ‘कोशी!’ असं ओरडतात, म्हणजे कंबर. एवढ्यापुरत्या सगळ्यांच्या कमरा खाली जातात आणि लगेच वर येतात.

पहिलीतला एक मुलगा फक्त काठावर वाजवतो. दों आलं तरी का, दोको आलं तरी काका. कातड्याला त्याची काठी लागलेली कुणी पाहिली नाही. मी एकदा खाली बसून विचारलं, ‘मध्ये का नाही वाजवत?’ तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘त्याला लागतं.’ यावर शिकवणाऱ्याने काय बोलावं? सेन्सेइंना सांगितलं, तर त्यांनी त्याच्यापुढे टायर ठेवायला सांगितला. टायरला लागत नाही, असं त्या मुलाचं मत निघालं. तेव्हापासून तो टायर दर महिन्याला नवी चिकटपट्टी मागतो.

कातड्यावरून आठवलं. एका रविवारी आमच्यातल्या एका आईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘कातडं कशाचं गं असतं?’ मला उत्तर ठाऊक होतं, म्हणूनच मी ऐकलं नाही असं दाखवलं. पण सेन्सेइंना प्रश्न ओळखू आला, कारण तिने बोटाने दाखवतच विचारलं होतं, आणि त्यांनी अतिशय अभिमानाने, गाईच्या कातड्याला पर्याय कसा नाही, ते किती दिवस कमावतात, कसं ताणतात, हे सविस्तर सांगितलं. मी भाषांतर केलं: ‘चांगल्या प्रतीचं असतं म्हणताहेत.’ त्या दोघांची मैत्री अजून टिकून आहे.

गंमत बाजूला ठेवून एक सांगायला हवं. कातडं कमावणं, ढोल मढवणं ही कामं जपानात ज्या लोकांकडे होती, त्यांना बाकीचा समाज पिढ्यान्‌पिढ्या वस्तीबाहेर ठेवत आला. ढोल देवळात, मढवणारा वेशीबाहेर. ओसाकाच्या नानिवा भागात अशीच ताइको घडवणाऱ्यांची जुनी वस्ती आहे. तिथल्या तरुणांनी १९८७ मध्ये आपण घडवतो ते आपणच वाजवायचं ठरवून पथक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘इकारी’, म्हणजे संताप. हलगी कुणी वाजवायची आणि वाजवणाऱ्याने कुठे उभं राहायचं हे ज्या महाराष्ट्राने ठरवून ठेवलं होतं, तिथल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. निळ्या फाइलीत मात्र यावर एकही पान नाही.

पालकांना ताइकोबद्दल जे सांगायला आवडतं ते म्हणजे ‘हजारो वर्षांची परंपरा.’ ढोल जुना आहे, यात शंका नाही. इशिकावातली असानो ही ताइको घडवणारी पेढी १६०९ पासूनची आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी एकवीस वर्षं तिथे गिऱ्हाइकं येत होती. पण पाच-दहा जणांनी लहानमोठे ढोल मांडून एकत्र वाजवायचं, हे आज आपण ज्याला ताइको म्हणून टाळ्या देतो ते, १९५१ मधलं. नागानो प्रांतात दाइहाची ओगुची नावाचे एक जॅझ ड्रमर होते. सुवाच्या देवस्थानाशी संबंधित जुनं ढोलाचं लेखन त्यांच्या हाती आलं. ते त्यांनी लावून घेतलं, आणि मग त्यांना प्रश्न पडला की हे एकट्यानेच का वाजवायचं? ड्रमसेटमध्ये असतात तसे मोठे, मधले, लहान ढोल त्यांनी वेगवेगळ्या माणसांना वाटून दिले. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकच्या सांस्कृतिक कार्यक्रमांपर्यंत ते पोचलं आणि मग देशभर सगळ्यांनाच आपल्या गावचं ताइको पुरातन असल्याचं आठवलं. मी हे सभेत सांगितलं तेव्हा चोनाइकाइचे अध्यक्ष जरा खट्टू झाले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, पुण्यात गणपतीपुढे दणाणणारं, पांढऱ्या सदऱ्यातलं ढोल-ताशा पथकही आजच्या रूपात फार तर आमच्या वडिलांच्या वयाचं आहे, पण प्रत्येक पथकाच्या पत्रकावर पेशवाई असतेच. अध्यक्षांना खरोखरच बरं वाटलं.

ओगुचींच्या नंतरचे लोक तर भलतेच कडवे निघाले. सादो बेटावर १९६९ मध्ये ‘ओन्देकोझा’ नावाचं पथक जमलं. एकत्र राहायचं, पहाटे मैलोन्‌मैल पळायचं आणि मग वाजवायचं. १९७५ मध्ये ही मंडळी बॉस्टनची मॅरेथॉन पळाली आणि शेवटची रेघ ओलांडल्यावर तिथेच ढोल वाजवायला उभी राहिली. बेचाळीस किलोमीटर पळून. मी ही गोष्ट आमच्या मुलांना स्फूर्ती यावी म्हणून सांगितली. चष्मेवालीने विचारलं, ‘मध्ये पाणी प्यायची सुट्टी किती वेळा होती?’ आमच्याकडे दर दहा मिनिटांनी असते.

आता मुख्य विषयाकडे येते, तो म्हणजे आवाज. ताइको पथक चालवणं याचा अर्थ ताइको वाजवणं असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते आवाज होण्याआधी माफी मागण्याचं काम आहे. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही दोघी आया सरावाच्या हॉलच्या आसपासच्या घरांची बेल वाजवतो, बिस्किटांचा नीट बांधलेला डबा दोन्ही हातांनी देतो आणि म्हणतो, ‘मुलांमुळे तुम्हाला त्रास होणार आहे, क्षमा असावी.’ त्रास अजून झालेला नसतो. समोरचा म्हणतो, ‘छे छे, मुलांचा आवाज ऐकून उत्साह येतो.’ तेही अजून ऐकलेलं नसतं.

या देशात आवाज हा फार नाजूक विषय आहे. पाळणाघरांवर इतक्या तक्रारी आल्या की तोक्यो महानगराने २०१५ मध्ये शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांचा आवाज गोंगाटाच्या मोजमापातून कायद्यानेच वगळला. आमची मुलं शाळेत जाणारी, त्यामुळे आम्हाला त्याचा उपयोग शून्य. आइची प्रांतातल्या तोकाइ शहरात तर बोन-ओदोरीचा नाच बिनआवाजाचा करून बघितला. सगळ्यांच्या कानात इअरफोन, गाणं ज्याच्या-त्याच्या कानात, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला नुसती हलणारी माणसं. मी पुण्यात फोन करून हे सांगितलं तर सासूबाईंनी विचारलं, ‘तिथे फ्लॅट केवढ्याला मिळतो?’

सासूबाईंचं घर नदीपात्राच्या काठाला आहे. गणपतीच्या आधी दोन महिने संध्याकाळी त्यांच्या गॅलरीखाली ढोल पथकांचे सराव चालतात. त्यांच्याकडेही एक फाइल आहे, तपकिरी. तिच्यात त्यांनी पोलीस चौकीपासून आयुक्तांपर्यंत केलेले अर्ज तारखेनुसार लावलेले आहेत, प्रत्येकाला पोच जोडलेली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना सरावाला नेलं, जरा धास्तावूनच. त्या खुर्चीवर बसल्या, पूर्ण दीड तास ऐकलं आणि म्हणाल्या, ‘अगं, एवढंच? याला तुम्ही आवाज म्हणता?’

तेवढ्यात हॉलचा फोन वाजला. समोरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक आजोबा राहतात. ते दर रविवारी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन करतात. सराव दहाला सुरू होतो. ते पाच मिनिटं सवलत देतात, हे मान्य करायला हवं. अत्यंत सभ्य शब्दांत ते कळवतात की आवाज येतो आहे. आम्ही अत्यंत सभ्य शब्दांत कळवतो की क्षमा असावी. मग दोन्हीकडून आभार मानले जातात आणि फोन ठेवला जातो. मुलं तोवर ‘सु’वर थांबलेली असतात.

‘कुणाचा गं फोन?’ सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

‘बरोबरच आहे त्यांचं.’

‘आई, अहो, आत्ताच तर म्हणालात की एवढासाच आवाज!’

‘आपल्याला एवढासा. ते सातव्या मजल्यावर राहतात. आवाज वर जातो. आणि प्रश्न आवाजाचा नाही, तत्त्वाचा आहे.’

नातू ज्या ढोलावर वाजवत होता त्या ढोलापासून चार हातांवर बसून त्या हे बोलत होत्या.

पुढच्या शनिवारी आम्ही बिस्किटांचा डबा घेऊन आजोबांकडे गेलो. मला वाटलं होतं, वयाला वय भेटलं की मन विरघळेल. आजोबांनी डबा घेतला, आभार मानले, डब्याची बांधणी सुंदर असल्याचं सांगितलं आणि आवाजाबद्दल चकार शब्द काढला नाही. सासूबाई त्यांच्याकडे, तीस वर्षं एकाच मोर्च्यावर लढून प्रथमच भेटलेल्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. निघताना म्हणाल्या, ‘त्यांना विचार, नुसता फोनच करतात की लेखी देतात?’

मी विचारलं. फोनच करतो, म्हणाले.

‘सांग त्यांना, फोनला पुरावा नसतो. लेखी द्यावं. दोन प्रती. एकीवर पोच घ्यावी.’

चांगल्या प्रतीच्या कातड्याचा अनुभव जमेस असूनही या वेळी मी शब्दन्‌शब्द भाषांतर केलं. आजोबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग सासूबाईंना खूप खाली वाकून नमस्कार केला. परतताना मी विचारलं, ‘आता ते तक्रार मागे घेतील का हो?’ त्या म्हणाल्या, ‘डबा घेऊन जो तक्रार सोडतो तो तक्रारदार कसला?’

मंगळवारी चोनाइकाइच्या अध्यक्षांकडे पत्र आलं. दोन प्रती. मागच्या एप्रिलपासूनचे सगळे रविवार, प्रत्येकासमोर सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, खिडक्या उघड्या की बंद, आणि शेरा. एका रविवारसमोर ‘आज तिसऱ्या ओळीत काठावरचे दोन ठोके राहिले’ असंही लिहिलं होतं. खाली शिक्का. फोनवरच्या तक्रारीला क्षमा पुरते. लेखी तक्रारीला सभा लागते. सभेत ठरलं: ढोलांखाली सतरंज्या घालायच्या, खिडक्या बंद ठेवायच्या आणि उन्हाळा संपेपर्यंत निम्म्या जोराने वाजवायचं.

खिडक्या बंद करून जुलैमध्ये ताइको शिकवणं काय असतं ते इथल्या पावसाळ्यानंतरच्या दमट हवेत राहिल्याशिवाय कळायचं नाही. मुलांचं सोडाच, ढोलसुद्धा घामेजतात. कातडं सैल पडतं आणि ‘दों’ऐवजी ‘दुब्’ ऐकू येतं. पण निम्म्या जोराचा एक उलटाच परिणाम झाला. मोठ्याने वाजवताना प्रत्येकाला फक्त स्वतःचा ढोल ऐकू यायचा. हळू वाजवताना शेजारचा ऐकू यायला लागला, आणि शेजारचा आपल्यापुढे आहे की मागे, हेही. ताल जुळला. सेन्सेइ म्हणाले, हळू वाजवणंच अवघड, जोरात काय कुणीही वाजवतं. एवढे दिवस त्यांनी आम्हाला हे का सांगितलं नव्हतं, देव जाणे.

पत्राचा आणखी एक परिणाम झाला. अध्यक्षांनी ते तीनदा वाचलं. मंडळाचा हिशेब तपासनीस वय झाल्याने निवृत्त झाला होता आणि ती जागा महिनोन्‌महिने रिकामी होती. अध्यक्ष स्वतः सातव्या मजल्यावर गेले. बिस्किटांचा डबा घेऊन.

ऑगस्टमध्ये वस्तीची जत्रा झाली. उन्हाळी जत्रेत हल्ली ढोलाआधी एक छोटं यंत्र येतं. उष्णता, दमटपणा आणि ऊन मिळून ते एक आकडा दाखवतं; तो ३१ वर गेला की मैदानी कार्यक्रम थांबवायचे, असा इथला दंडक. यंत्र हातात घेतलेला एक तरुण संध्याकाळी आमच्या शेजारी उभा होता आणि दर मिनिटाला आकडा पुकारत होता. ३१.२. ३१.१. चौदा मुलं हाप्पी, म्हणजे जत्रेचे आखूड अंगरखे घालून, कपाळाला पट्ट्या बांधून, त्याच्याकडे बघत उभी. अर्ध्यांच्या ताबी मोज्यांचे पाय उलटसुलट झालेले. मी प्रत्येकाच्या तोंडात मिठाची गोळी टाकत होते. ३०.८ आला तसा सेन्सेइंनी हात वर केला. ‘सुरू करतो.’

वाजवलं त्यांनी. पूर्ण जोराने, कारण जत्रेची परवानगी वेगळी होती (लेखी, पोच घेतलेली). दुसऱ्या ओळीत पहिलीतल्या त्या मुलाची पट्टी घसरून डोळ्यांवर आली. त्या दिवशी कोष्टकाप्रमाणे खऱ्या ढोलाची पाळी त्याची. दिसेना, पण थांबला नाही. काठ शोधत शोधत फिरला आणि पहिल्यांदाच त्याची काठी बरोब्बर मध्यावर पडली. दों! तो दचकला, पट्टी वर केली, ढोलाकडे बघितलं, आणि पुढचा सगळा तुकडा फक्त मध्यावर वाजवला, जिथे काठ होता तिथेही. आमचे चिरंजीव नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या एक ठोका आधी संपले आणि विजयी मुद्रेने बाकीच्यांची वाट बघत उभे राहिले.

मग बोन-ओदोरी. मधल्या उंच मचाणावर ढोल, भोवती फेर. खाणकामगारांचं ‘तान्को बुशी’ लागलं की सगळे कोळसा खणण्याच्या, टोपली खांद्यावर टाकण्याच्या मुद्रा करत गोल फिरतात. सासूबाईंनी एक फेरी बघून घेतली आणि दुसऱ्या फेरीत शिरल्या. डोरेमॉनचं ओन्दो, म्हणजे फेराचं गाणं, लागल्यावर भारतीय मुलांनी ते हिंदीत म्हणायचा प्रयत्न केला. सातव्या मजल्यावरचे आजोबा याकिसोबा नूडल्सच्या टपरीशेजारी वही घेऊन बसले होते. प्रत्येक विकलेल्या ताटलीमागे एक रेघ.

जत्रेचा हिशेब त्यांनी तपासला. चिकटपट्टी, बर्फ, जवाचा चहा, मिठाच्या गोळ्या, सतरंज्या. प्रत्येक पावती कागदावर चिकटवलेली. ताइकोच्या खात्यात ३० येन जास्त निघाले. कमी निघाले असते तर मी पर्समधून काढून दिले असते आणि विषय मिटला असता. जास्त पैशाचं काय करायचं? परत द्यायचे तर कुणाला? यावर दोन बैठका झाल्या. तिसरी पुढच्या आठवड्यात आहे. तोवर ते ३० येन आजोबांनी एका पाकिटात घालून, वर तारीख, रक्कम आणि ‘कारण शोधणे चालू’ असं लिहून, शिक्का मारून माझ्या ताब्यात दिले आहेत. ते निळ्या फाइलीत लावले.

रात्री पुण्याला परतलेल्या सासूबाईंना व्हिडिओ कॉल केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘ते सगळं ठीक आहे,’ त्या म्हणाल्या, ‘पाकीट तुझ्या ताब्यात दिल्याची पोच कुणी कुणाला दिली?’